लाभ, दूए, त्रे

सुवर्णाला इटली नकाशात दाखवता आली नसती, पण तिकडे सतराला काय म्हणतात हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. दिचास्सेत्ते. हा आकडा तिने भांडी घासताना घोकला, दुपटी वाळत घालताना घोकला, मखमलाबादहून कामावर येताना बसच्या खिडकीला डोकं टेकून घोकला. शेजारच्या बाईला वाटलं, ही कसलातरी मंत्र पुटपुटतेय. तिने आपली पिशवी जरा अलीकडे ओढून घेतली.

गणितात पस्तीस मार्कांवर दहावी सुटलेल्या बाईने वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी परक्या मुलखाचे आकडे का पाठ करावेत? तर त्याला कारण आभा. सुवर्णा नाशकातल्या एका शिशुगृहात चौदा वर्षं मावशी म्हणून कामाला होती. कुणी टाकून दिलेली, कुणी सही करून सोडलेली बाळं तिथे येत, मावश्यांच्या हाताखाली वाढत, आणि कागदपत्रं पुरी झाली की दत्तक जात. कुणी पुण्याला, कुणी बंगळूरला, कुणी थेट स्पेनला. आभा सहा वर्षांची होती आणि तिचं इटलीचं ठरत आलं होतं.

तान्ह्या बाळाला कुठेही पाठवा, त्याला काही शिकवावं लागत नाही. दूध सगळ्या देशांत पांढरंच असतं. सहा वर्षांच्या पोरीचं तसं नाही. संस्थेतल्या समाजसेविका छाया मॅडमनी सुवर्णाला ऑफिसात बोलावून घेतलं आणि तिच्या मोबाइलवर एक आवाज पाठवला.

"सुवर्णाताई, हा तिकडच्या आईचा आवाज. एक ते वीस आकडे म्हटलेत तिने. आभाकडून रोज थोडे थोडे म्हणून घ्या. पुढच्या महिन्यात व्हिडिओ कॉल आहे. त्यात तिने दोनचार आकडे म्हटले तर त्यांना बरं वाटेल."

"दोनचार कशाला मॅडम? वीसच्या वीस म्हणंल ती."

छाया मॅडमना तो उत्साह वाटला आणि त्यांनी तिचं कौतुकही केलं. उत्साह कसला, ती भीती होती. दीड वर्षापासून ती सुवर्णाच्या पोटात मुक्काम करून होती.

सुवर्णाच्या सासरी काहीही मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत. गव्हाची पायली असो, कांद्याची गोणी असो की कोथिंबिरीची जुडी असो, पहिली उचलली की म्हणायचं 'लाभ'. मग दोन, तीन, चार. मोजणीची सुरुवात लाभाने झाली की घरात बरकत राहते, एवढंच त्यामागचं शास्त्र. लग्नानंतरच्या पहिल्या सुगीलाच सासूने, म्हणजे नवसाबाईने, तिला हे शिकवलं होतं. माहेरी असलं काही नव्हतं, म्हणून सुरुवातीला ती चुकायची आणि नवसाबाई सगळी रास पुन्हा मोजायला लावायची. पुढे जिभेला अशी सवय लागली की बसथांब्यापासून घरापर्यंतचे विजेचे खांबसुद्धा ती लाभपासून मोजू लागली. आणि संस्थेत तर दिवसभर मोजण्याचंच काम. वाट्या, लंगोट, टॉवेल, दुपारी आडवी झालेली डोकी. ती म्हणायची, "लाभ, दोन, तीन, चार," आणि तिच्या कमरेला बिलगलेली छोटी आभा तिच्यामागून तेच म्हणायची. पोरं शिकवलेलं विसरतात, कानावर पडलेलं विसरत नाहीत.

आभा साडेचार वर्षांची असताना एका मोठ्या शहरातलं जोडपं तिला घेऊन गेलं. फुगे झाले, पेढे झाले, गुलाबी चाकांची बॅग झाली. तीन महिन्यांनी तेच जोडपं तिला परत घेऊन आलं. कागदोपत्री त्या प्रकाराला काहीतरी सभ्य नाव आहे. मावश्या नुसतं 'परत आलं' म्हणत, दुकानातून बदलून आणलेल्या कपड्याबद्दल म्हणावं तसं. सुवर्णा ऑफिसात चहा घेऊन गेली तेव्हा तो गृहस्थ छाया मॅडमना सांगत होता, "मुलीची समज कमी आहे हो. शाळेच्या मुलाखतीत टीचरने बोटं मोजायला सांगितली, तर हिला साधं एक म्हणता येईना. लाभ म्हणते, लाभ! टीचर आमच्याच तोंडाकडे बघायला लागल्या." त्याची बायको खिडकीबाहेर बघत होती. सुवर्णाने कप ठेवले. एका बशीत थोडा चहा सांडला, तो तिने पदराने टिपून घेतला.

बाहेर पॅसेजमध्ये आभा त्या गुलाबी चाकांच्या बॅगेवर बसली होती. सुवर्णाला बघून ती हसली नाही की रडली नाही. तिने विचारलं, "मावशी, मी किती दिवसांसाठी आले?"

"आता इथंच राह्यचं."

"म्हणजे किती?"

सुवर्णाने बॅग उचलली आणि आभाला आत नेऊन वरणभात कालवून दिला.

त्या दिवसापासून सुवर्णाने मनाशी पक्कं धरलं, की पोर परत आली ती आपल्यामुळे. आपल्या तोंडच्या एका शब्दाने तिचं घर गेलं. संस्थेत हे कुणाला बोलायची सोय नव्हती. नवऱ्याला, देवरामला, एकदा सांगून पाहिलं. तो शेतात ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. "लाभ म्हटल्यानं कुणाचं वाईट होतं व्हय?" एवढंच म्हणाला आणि मोटर चालू करायला गेला.

यावर दुसरी बाई रडली असती. सुवर्णा रडली नाही, कारण तिचं ते दुकान केव्हाच बंद झालं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी, सात महिने छातीशी धरलेलं एक बाळ परदेशी गेलं तेव्हा तिने तीन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. तेव्हाच्या सगळ्यात जुन्या मावशी म्हणजे विठाबाई. त्यांनी तिला कपड्यांच्या खोलीत नेऊन समजावलं होतं. "हितली बाईच रडाया लागली, तर पोरांनी बघायचं कुणाकडं? गाडी दारात लागली का आपण कायतरी मोजाया बसायचं. चादरी मोज, वाट्या मोज. डोक्यात आकडा असला का दुसरं काय शिरत नाय."

सुवर्णाने पुढच्या वेळी चादरी मोजल्या. जरा कमी लागलं. त्याच्या पुढच्या वेळी आणखी कमी. असं होत होत एक दिवस लागेनासंच झालं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की गाल आपलाच असून आपला वाटत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं तिचं आतून झालं. चाळीसेक पोरं तिच्या हातून गेली. घरी सासरे वारले तेव्हाही ती कोरडीच होती. आलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. नवसाबाई त्यानंतर कुणाशीही बोलताना म्हणायची, "आमची सून कामाला वाघीण हाय, पण दगडाची हाय." सुवर्णाला त्याचंही काही वाटलं नाही. उलट सोयीचंच होतं ते.

तर असो. इटलीच्या बाईचं नाव होतं दोनातेल्ला. आवाज मऊ होता, घशात जरा खरखर होती. "ऊनो," ती म्हणायची आणि थांबायची. "दूए." पुन्हा थांबायची. "त्रे. क्वात्रो. चिंक्वे. सेई." प्रत्येक आकड्यानंतर ती एवढी वाट बघायची की सुवर्णाला आपसूक तिच्यामागून म्हणावंसं वाटे. सुवर्णाचा मुलगा ललित अंबडला कंपनीत लागला होता. त्याच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर तिने सगळे आकडे देवनागरीत उतरवून काढले. सेत्ते, ओत्तो आणि नोवे तिला ओळखीचे वाटले, आपल्या सात, आठ, नऊची लांबची भावंडं असल्यासारखे.

मग तिला त्यातली मेख कळू लागली. सोळापर्यंत त्यांचं आपल्यासारखंच आहे. क्वात्तोर्दिची म्हणजे आधी चार आणि मग दहा, आपल्या चौदासारखं. सतरा आलं की मात्र त्यांची बैलगाडी उलटी जुंपली जाते, आधी दहा आणि मागे सात. एकोणिसाला आपण विसात एक कमी म्हणून बसतो, ते सरळ दहा-नऊ म्हणून मोकळे होतात. विसाच्या पुढे तर नुसतं जोडत जायचं. वेंती आणि दूए, झालं वेंतिदूए. फक्त एकवीस आणि अठ्ठावीसला वेंतीचा शेवटचा ई गिळायचा, वेंतूनो, वेंतोत्तो. पुढे प्रत्येक दशकाला तेच. दोनातेल्लाने विसापर्यंतच पाठवलं होतं, पण छाया मॅडमकडून दशकांची नावं मागून घेऊन सुवर्णा शंभरावर जाऊन पोचली.

"आपल्याला बावन्न, त्रेपन्न, चोपन्न एकेक घोकावं लागलं मॅडम. यांना सगळं आयतं," ती म्हणाली.

"तुम्हीच जाता का इटलीला?" छाया मॅडम हसून म्हणाल्या.

आभा तिच्यापेक्षा चलाख निघाली. दोन दिवसांत दहापर्यंत आली. अंगणातल्या पेरूखाली सुवर्णा तिच्यापुढे स्टीलच्या वाट्या मांडायची आणि आभा एकेका वाटीवर बोट ठेवून म्हणायची, "लाभ, दूए, त्रे, क्वात्रो..."

"लाभ नाय. ऊनो."

"ऊनो."

"हां. आता पहिल्यापासून."

"लाभ, दूए, त्रे..."

सुवर्णाला ते ऑफिस दिसायचं, तो गृहस्थ, खिडकीबाहेर बघणारी ती बाई. इटलीवाले परत करायला आणणार नाहीत, एवढं लांबून कोण येतंय. ते मुळात नकोच म्हणतील. एकदा परत आलेली आणि दुसऱ्यांदा नको झालेली सहा वर्षांची मुलगी, तिला तिसऱ्यांदा कोण विचारणार, हे चौदा वर्षं बघितलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं. अशा मुली मोठ्या मुलींच्या वसतिगृहात जातात. तिथून पुढचं सुवर्णाला माहीत नव्हतं, आणि जे ऐकून होती ते तिला आठवायचं नव्हतं.

"मावशी, तिकडं लाभ नसतो का?" आभाने एकदा विचारलं.

"नसतो."

"मग पहिली वाटी कुणाची असते?"

"ऊनोची. परत म्हण."

समजावून झालं, चॉकलेट देऊन झालं. मारणं संस्थेत चालत नव्हतं आणि सुवर्णाच्या स्वभावातही ते नव्हतं. मग तिने एक उपाय काढला. आभा लाभ म्हणाली की सुवर्णा तोंड फिरवायची. बोलायची नाही, रागवायची नाही, फक्त मान वळवून भिंतीकडे बघत बसायची. आभा ऊनो म्हणेपर्यंत वळायची नाही. आभाला हे फार लवकर कळलं. कुणी आपल्यावरून नजर काढून घेणं म्हणजे काय, हे त्या पोरीला इतरांपेक्षा चांगलं माहीत होतं. दोनतीनदा तिने हाताने सुवर्णाची हनुवटी आपल्याकडे ओढून पाहिली. सुवर्णा वळली नाही. हे आपण वाईट करतोय असं तिला तेव्हा वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. तिला काहीच वाटलं नाही. काम होत होतं.

आपली जीभ घसरू नये म्हणून सुवर्णाने स्वतःही लाभ सोडला. वाट्या ऊनोपासून, लंगोट ऊनोपासून, घरी जाताना विजेचे खांब ऊनोपासून. तीन आठवड्यांनी शब्द दोघींच्याही तोंडातून नाहीसा झाला.

व्हिडिओ कॉलच्या दिवशी आभाला निळा फ्रॉक घातला, दोन वेण्या घातल्या. पडद्यावर दोनातेल्ला आणि तिचा नवरा पिएत्रो आले. ती केस पिकू लागलेली, किडकिडीत बाई होती. तो आडव्या अंगाचा माणूस, मागे लाकडी कपाट आणि टोपलीत सफरचंदं. पलीकडून एक दुभाषी बाई हिंदीत बोलत होती. पिएत्रोने कागदावर बघून "एक, दोन, तीन, च्यार" म्हणून दाखवलं आणि घाम पुसला. छाया मॅडम हसल्या. मग त्या आभाला म्हणाल्या, "आता तू म्हण बरं."

सुवर्णा लॅपटॉपच्या मागे, कपाटाला टेकून उभी होती. आभाने टेबलावर बोट ठेवलं. तिचे ओठ उघडले आणि जीभ वरच्या दातांमागे जाऊन टेकली. कोणत्या अक्षरासाठी ती तिथे गेलीय, हे त्या खोलीत एकट्या सुवर्णाला कळलं. आभाने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

सुवर्णाने तोंड फिरवलं.

"ऊनो," आभा म्हणाली. "दूए, त्रे, क्वात्रो, चिंक्वे, सेई..." सतराला ती अडखळली, आपल्या पद्धतीने सात आधी घातले. पिएत्रोने मोठ्याने हसून टाळी वाजवली आणि दोनातेल्लाने त्याच्या दंडावर चापट मारली. आभा विसापर्यंत गेली. दोनातेल्ला रडत होती. सुवर्णा कपाटाच्या दाराला चिकटवलेला लसीकरणाचा तक्ता वाचत होती.

पुढचं सगळं सरळ झालं. कागद झाले, पासपोर्ट झाला, पावसाळा संपल्यावर दोघं नाशकात आली. चार दिवस रोज संस्थेत येऊन आभाबरोबर पेरूखाली बसली. पाचव्या दिवशी सकाळी दहाला गाडी दारात लागली. सुवर्णा नेहमीसारखी गच्चीवर गेली आणि दोरीवरच्या चादरी काढून मोजू लागली. ऊनो, दूए, त्रे.

जिन्यात पावलं वाजली. आभा एकटीच वर आली होती. पायात नवे बूट, ते अजून नीट वाकत नव्हते.

"मावशी, मी चालले."

"जा हां. नीट जा. आईचा हात सोडू नको."

आभा गेली नाही. "तिकडं लाभ नसतो ना?"

"नाय."

"मग तो तुझ्याजवळ राहू दे."

"बरं," सुवर्णा म्हणाली. तिच्या हातात चौथी चादर होती. ती तिने घडी करून तिसरीवर ठेवली आणि पाचवी ओढली. खाली कुणीतरी हाक मारली. बुटांचा आवाज जिन्यातून खाली गेला, गाडीचं दार लागलं, फाटक लागलं. चादरी एकवीस भरल्या. वेंतूनो.

त्यानंतरचे दिवस जसे जातात तसे गेले. नवीन दोन बाळं आली. एकाला दूध पचत नव्हतं. थंडी पडली, मखमलाबादच्या कालव्यावर सकाळी धुकं साचू लागलं. आभाची आठवण सुवर्णाला येत नव्हती असं नाही. यायची, पण बंद खोलीतल्या रेडिओसारखी, कुणीतरी बोलतंय एवढं कळायचं, शब्द कळायचे नाहीत.

जानेवारीत एका दुपारी छाया मॅडमनी तिला बोलावलं. दत्तक गेलेल्या मुलाचा अहवाल दर काही महिन्यांनी येतो. आभाचा आला होता, सोबत व्हिडिओ. आभाचे गाल भरले होते, वेण्या जाऊन केस कानापाशी आले होते. ती जेवणाचं टेबल मांडत होती आणि एकेका ताटाशेजारी काटा ठेवत मोजत होती. ऊनो, दूए, त्रे, क्वात्रो. चौथा काटा तिकडच्या आजीचा होता. आजीने तिचा गालगुच्चा घेतला. आभा न थांबता भराभर काहीतरी बोलली, सगळं त्यांच्या भाषेत.

"शाळेत छान चाललंय म्हणे," छाया मॅडम म्हणाल्या. "गणितात तर वर्गात पुढे आहे. सुवर्णाताई, हे तुमचं श्रेय."

सुवर्णाने मान हलवली. मग, का कुणास ठाऊक, कदाचित आता धोका टळला होता म्हणून, ती म्हणाली, "या टायमाला चूक नाय होऊ दिली मॅडम. मागच्या टायमाला माझ्यामुळं पोर परत आली."

"तुमच्यामुळं?"

"मीच लाभ म्हणायची सवय लावलेली ना. त्या साहेबांनी सांगितलं नव्हतं का, शाळेत एक म्हणता आलं नाय."

छाया मॅडमनी चष्मा काढला. "तुम्ही एवढे दिवस हे मनात घेऊन बसलात? अहो, त्या बाईंना दिवस गेले होते. बारा वर्षांनी. डॉक्टरांचा कागद मी स्वतः बघितला होता. स्वतःचं मूल येणार म्हटल्यावर त्यांना ही नको झाली. तसं लिहून द्यायची लाज वाटली, म्हणून समज कमी, मोजता येत नाही, असलं काहीबाही. मला तेव्हा कुणाला बोलता येत नव्हतं."

"म्हणजे लाभचं काय नव्हतं?"

"काही नव्हतं. आभाने कुठल्याही आकड्यापासून मोजलं असतं तरी ते तिला परतच आणणार होते. आणि दोनातेल्लाने तर हिने तोंडही उघडलं नसतं तरी हिलाच नेलं असतं. फोटो बघितला त्याच दिवशी तिने होकार कळवला होता."

"अस्सं," सुवर्णा म्हणाली. टेबलावरचे रिकामे कप उचलून तिने ट्रेमध्ये ठेवले, मोरीत नेऊन धुतले आणि पालथे घातले. ड्यूटी संपायला तासभर होता. तो तिने नेहमीसारखा काढला. बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं. तिला फक्त एकच गोष्ट दिसत होती, आपली हनुवटी आपल्याकडे ओढणारा तो लहान हात. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. तो नुसता दिसत होता.

घरी पोचली तेव्हा उन्हं कलायला लागली होती आणि शेतात घाई चालली होती. कोथिंबीर उपटून झाली होती, संध्याकाळच्या लिलावाला न्यायची होती. देवराम गाडी आणायला गेला होता. बांधावर नवसाबाई पाय पसरून शेवटच्या जुड्या बांधत होती, पंचाहत्तरीतही तिची बोटं सुनेपेक्षा वेगात चालत. ओल्या मुळांना माती लागली होती आणि सगळीकडे कोथिंबिरीचा वास होता.

"आली का? बरं झालं. घे मोजाया, गाडी येईल आता."

सुवर्णाने पिशवी बांधावर ठेवली, पदर खोचला, पहिली जुडी उचलली.

"ऊनो," ती म्हणाली.

नवसाबाईची बोटं थांबली. "काय म्हटली?"

"काय नाय."

"पहिली जुडी हाय बाई. लाभ म्हण. ही कुठली नवी रीत काढली?"

सुवर्णाने तोंड उघडलं. शब्द यायला हरकत नव्हती, चोवीस वर्षं तो रोज आला होता. पण तो तिचा राहिला नव्हता. कुणीतरी गच्चीवर येऊन, न वाकणाऱ्या बुटांत उभं राहून, तो तिच्याजवळ सांभाळायला दिला होता. आणि तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं, चादरी मोजल्या होत्या. त्या पोरीकडून तिने तो कारण नसताना काढून घेतला होता. तिच्या वाट्याला उरलेल्या थोड्या महिन्यांतले तीन आठवडे तिने भिंतीकडे बघत घालवले होते.

"लाभ," ती म्हणाली.

आणि पुढचं येईना. दोन येईना, दूए येईना. जुडी हातात धरून ती उभी राहिली. इंजेक्शन उतरताना गालाला आधी मुंग्या येतात आणि मग एकदम ठणका लागतो, तसं काहीतरी तिच्या छातीत सुरू झालं. तिला दुखलं. इतकं दुखलं की ती मातीतच खाली बसली आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने रडू लागली. "आत्याबाई, मी तिच्याकडं बघितलं नाय," ती म्हणत होती. "ती माझ्याकडं बघत होती अन् मी बघितलं नाय."

कोण ती, हे नवसाबाईने विचारलं नाही. ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि सुनेच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. रस्त्यावर देवरामच्या गाडीचा हॉर्न वाजला. सुवर्णाने जुडी छातीशी घट्ट धरली होती, मुळांची माती पदराला लागत होती. नवसाबाईने ती जुडी तिच्या हातातून काढून घेतली नाही. ती स्वतः वाकली, पुढची जुडी उचलली आणि म्हणाली, "दोन."